पाला एक, पोटे दोन

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड हे राज्य आहे. आकाराने महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठे, माणसे थोडी आणि गुरे भरपूर. पावसाळा संपला की तिथले गवत वाळून काड्या होते, त्यातले प्रथिन उतरते आणि गुरे पोटभर चरूनही रोडावत जातात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये माळरानावर जे दिसते तेच, फक्त हजारो एकरांच्या कुरणांवर. यावर उतारा शोधताना तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची नजर मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या एका झाडावर गेली. मुळे खोल, उन्हाळ्यातही हिरवे, कितीही छाटले तरी पुन्हा फुटणारे, आणि वाळवलेल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिन. शास्त्रीय नाव ल्युसीना ल्युकोसेफाला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. बांधावर, रस्त्याकडेला, पडीक रानात आपोआप माजणारी सुबाभूळ ती हीच.

झाडे लावली, गुरे सोडली. सुरुवातीला जनावरांच्या अंगावर तकाकी आली, वजने वाढली. मग ज्या कळपांना जवळजवळ सगळी सुबाभूळच खायला होती, त्यांच्यात बिघाड दिसू लागला. लाळ गळायची, शेपटीचे केस जायचे, खाण्यावरची वासना उडायची, वजन घटायचे. काही वासरे गळ्याशी सुजलेली थायरॉइड ग्रंथी घेऊनच जन्माला यायची. इतका सकस पाला, आणि तो खाऊन जनावर खंगत होते.

विषाचे नाव आधीपासून ठाऊक होते. सुबाभळीच्या पाल्यात आणि बियांत मिमोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. प्रथिनांच्या साखळीत ते बसत नाही, सुटेच राहते. ते पेशींचे विभाजन रोखते, त्यामुळे जिथे पेशी सतत विभागत असतात तिथे, म्हणजे केसांच्या मुळाशी, त्याचा फटका आधी बसतो. घोड्याने सुबाभूळ भरपूर खाल्ली तर आयाळ आणि शेपूट झडते. ऑस्ट्रेलियन मंडळी मोठी व्यवहारी. मिमोसिन देऊन मेंढीची लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का, याचेही प्रयोग त्यांनी १९७० च्या दशकात करून पाहिले.

गाय आणि शेळी यांच्या बाबतीत मात्र मामला निराळा निघाला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिमोसिन फार वेळ टिकतच नाही. पाला चावला जाताना झाडाचीच विकरे त्यातले काही तोडतात, उरलेले पोटातले जिवाणू तोडतात, आणि त्यातून डीएचपी या छोट्या नावाने ओळखला जाणारा पदार्थ तयार होतो. १९७६ मध्ये हेगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा डीएचपी थायरॉइडच्या कामात आडवा येतो. ग्रंथीला आयोडिन मिळते, पण ते वापरून संप्रेरक बनवणेच अडते. म्हणून जनावराला वरून आयोडिन चारून काही साधत नाही. पोटातल्या जिवाणूंनी केसांवरचे विष मोडले खरे, पण अर्ध्यावर हात टेकले आणि त्याचे थायरॉइडवरचे विष करून ठेवले.

इथे रेमंड जोन्स या सीएसआयआरओच्या कुरणशास्त्रज्ञाला एक गोष्ट खटकली. हवाई बेटांवर सुबाभूळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. रानोमाळ पसरलेली आहे, गुरे-शेळ्या ती मनसोक्त खातात, आणि तिथे कुणी या आजाराचे नावही काढत नाही. झाड तेच, पाल्यातले मिमोसिन तेवढेच, शेळीही शेळीच. मग फरक कुठे?

जोन्स यांचा तर्क असा होता, की फरक शेळीत नसून शेळीच्या पोटात राहणाऱ्यांत असावा. १९८१ मध्ये त्यांनी हा प्रश्न एका छोट्या लेखातून शास्त्रज्ञांपुढे ठेवला. तपासायची रीत साधी होती. डीएचपी पोटात मोडला गेला नाही तर तो मूत्रात उतरतो. ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या मूत्रात तो भरपूर सापडायचा. हवाईतल्या शेळ्यांना नुसती सुबाभूळ घातली तरी त्यांच्या मूत्रात तो जवळजवळ नसायचा. तो जात कुठे होता, हे समजायचे तर आधी त्या पोटात उतरायला हवे.

गाय गवत खाते, पण गवताचा सेल्युलोज तोडणारे एकही विकर तिच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम तिच्या पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, कोठीपोटात, भाडेकरू करतात. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरच्या वर असते. आत तापमान ३९ अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ शून्य, सामू सहा ते सातच्या दरम्यान. त्यातल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात, शिवाय लाखांच्या घरात एकपेशीय प्रोटोझोआ, आणि बुरशी. हवेत तडफडून मरणारे हे जीव प्रयोगशाळेत वाढवायचे कसे, हाच पहिला प्रश्न होता. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायू पूर्ण हाकलून देऊन नळीच्या आतल्या भिंतीवर वसाहती वाढवायची युक्ती काढली आणि १९६६ मध्ये कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांवर ग्रंथ लिहिला. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. बुरशीची गंमत त्यानंतरची. कोठीपोटात शेपटी हलवत फिरणाऱ्या काही सूक्ष्म जीवांना सगळे प्रोटोझोआच समजत होते. १९७५ मध्ये केंब्रिजच्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की त्यांतले काही खरे तर बुरशीचे बीजाणू आहेत. प्राणवायूशिवाय बुरशी जगूच शकत नाही असे तोवर पाठ्यपुस्तकांत छापलेले असायचे.

या गर्दीत प्रत्येकाचे काम वाटलेले आहे. काही जिवाणू काडीवर चिकटून सेल्युलोज तोडतात, काही त्यातून निघालेली साखर आंबवतात, आणखी काही दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या आम्लांवर जगतात. आंबवण्यातून हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबवणेच मंदावते. म्हणून आर्किया नावाचे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून टाकतात, आणि गाय तो मिथेन मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर सोडते. गोबरगॅसच्या टाकीत जे होते तेच, फक्त ही टाकी चालती-फिरती आहे आणि तिला स्वतःचे रक्ताभिसरण आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीच्या चर्चेत गाईचे नाव येते ते या ढेकरेमुळे. दोष द्यायचाच तर तो गाईपेक्षा आर्कियांचा आहे, पण आर्कियांवर कर कसा बसवणार?

गाईच्या वाट्याला काय येते? आंबवण्यातून तयार झालेली अॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले. ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात, आणि गाईच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के त्यांतूनच मिळते. शिवाय हे जिवाणू पुढे वाहत खऱ्या पोटात गेले की तिथे ते स्वतःच पचवले जातात, आणि गाईच्या प्रथिनांचा मोठा हिस्सा तेच होतात. मोबदल्यात गाय त्यांना काय देते, हेही मोजलेले आहे. ती दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते. त्या लाळेत बायकार्बोनेट असते, आणि आम्लांनी आंबट होऊ पाहणारे कोठीपोट ते सांभाळते. रवंथ करताना गाय डोळे मिटून निवांत दिसते, पण तेवढ्या वेळात ती खालच्या वस्तीची हवापाण्याची सोय लावत असते.

नवजात वासराच्या कोठीपोटात ही वस्ती नसते. आई चाटते, तिची लाळ लागते, गोठ्यातले शेण, दाव्याजवळची वैरण, शेजारच्या जनावराने तोंड घातलेले पाणी, यांतून ती जमते. जिवाणू हवेतून आणि धुळीतूनही येतात, पण प्रोटोझोआ फार नाजूक. जन्मल्याबरोबर वासराला मोठ्या जनावरांपासून पूर्ण वेगळे ठेवले तर ते प्रोटोझोआविनाच मोठे होते. म्हणजे वासराच्या पोटात कोण राहील, हे त्याचा गोठा आणि त्याचे शेजारी ठरवतात. आणि ज्या मुलखात एखादा जिवाणू कधी पोचलाच नाही, तिथल्या कुठल्याच गोठ्यातून तो वासराला मिळण्याची सोय नाही.

जोन्स यांच्या कोड्याचे उत्तर इथे दडलेले होते. हवाईतल्या शेळीच्या कोठीपोटातला द्रव घेऊन त्यात डीएचपी मिसळला तर तो नाहीसा व्हायचा. ऑस्ट्रेलियन द्रवात तो तसाच राहायचा. १९८४ मध्ये जोन्स आणि लाउरी यांनी इंडोनेशियातल्या एका शेळीच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या पोटात सोडला, आणि त्या शेळ्या डीएचपी मोडू लागल्या. १९८६ मध्ये जोन्स आणि मेगॅरिटी यांनी हवाईतल्या शेळ्यांकडचे जिवाणू ऑस्ट्रेलियन गुरांत आणि शेळ्यांत यशस्वीपणे उतरवल्याचे जाहीर केले. दुसऱ्या देशातल्या जनावराच्या पोटातला माल ऑस्ट्रेलियात आणणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिथले क्वारंटाइनचे नियम जगात सर्वांत कडक मानले जातात. पण एकदा जिवाणू आत आल्यावर पुढचे काम गुरांनीच केले. कळपातल्या थोड्या जनावरांना तो पाजला की एकत्र चरताना, एकाच हौदावर पाणी पिताना तो बाकीच्यांकडे जायचा.

या मिश्रणातला नेमका कोणता जिवाणू हे काम करतो, हे शोधायला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथले मिल्टन अॅलिसन यांनी हात घातला. कोठीपोटातल्या बहुतेक जिवाणूंना साखरेचा तुकडा मिळाला की चालते. याला साखर मुळी लागतच नव्हती. आर्जिनिन आणि हिस्टिडिन ही अमिनो आम्ले, आणि डीएचपी, एवढ्यावर त्याचा संसार. १९९२ मध्ये त्याला सिनर्जिस्टिस जोन्साय असे नाव मिळाले. आडनाव अर्थातच रेमंड जोन्स यांचे. तो कुठल्याच ओळखीच्या गटात बसेना. पुढे त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांसाठी जिवाणूंचा एक स्वतंत्र संघच मानावा लागला. कोठीपोटाच्या कोट्यवधींच्या गर्दीत तो संख्येने अगदी किरकोळ असतो. पण त्याच्या वाट्याचे काम दुसरे कुणी करत नसेल, तर त्याच्या असण्या-नसण्यावर जनावराचा जीव अवलंबून राहतो. वस्तीत कोण किती आहे, एवढेच मोजणाऱ्या आजच्या अनेक अहवालांकडे मी यामुळे जरा सावधपणे पाहतो.

अॅलिसन यांना असल्या शोधाचा सराव होता. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात हॅलोजेटॉन नावाचे एक तण माजते. त्यात ऑक्झालेट प्रचंड असते. उपाशी मेंढ्यांचा कळप अचानक त्यावर सोडला तर मेंढ्या पटापट मरतात. ऑक्झालेट रक्तातले कॅल्शिअम पकडते आणि मूत्रपिंडात स्फटिक होऊन बसते. पण तेच तण थोडे थोडे करून काही दिवस चारले तर मेंढ्या बरेच मोठे प्रमाण पचवतात. मेंढी तीच, मग त्या थोड्या दिवसांत बदलले काय? कोठीपोटातले ऑक्झालेट खाणारे जिवाणू वाढले. त्यातला मुख्य जिवाणू अॅलिसन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजिनिस या नावाने नोंदवला. तो ऑक्झालेटखेरीज जवळपास काही खात नाही. माणसाच्या आतड्यातही तो राहतो, आणि मूतखड्याशी त्याचा संबंध कितपत आहे यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालत आहेत.

हॅलोजेटॉन आपल्याकडे नसेल, पण ऑक्झालेट ओळखीचे आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणी सुरू झाली की गोठ्यात उसाच्या वाढ्यांचे भारे पडतात. दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातल्या आणि सोलापूर-सांगलीकडच्या चारा छावण्यांमध्ये तर ऊसच वैरण होतो. वाढ्यांत ऑक्झालेट असते. महिनोन् महिने तेच खाणाऱ्या दुभत्या गाईचे कॅल्शिअम त्यात अडकत जाते. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून द्यावी, नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये, सुक्या वैरणीची जोड द्यावी, असे पशुवैद्यक सांगत आले आहेत. नवा चारा एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, हा सल्लाही तितकाच जुना. त्यामागचा हिशेब मेंढ्यांचाच आहे. पोटातल्या वस्तीला नव्या अन्नासाठी माणसे जमवायला वेळ लागतो.

वेळ दिला नाही तर काय होते, हे दरवर्षी पोळ्याला दिसते. वर्षभर कडब्यावर आणि गवतावर जगलेल्या बैलाला त्या दिवशी प्रेमाने पुरणपोळ्या चारल्या जातात. घरातली झाली, शेजाऱ्याची झाली, मानाची झाली. कणीक, डाळ, गूळ. कोठीपोटात पटकन आंबणारे एवढे पिष्ट आणि साखर एकदम आल्यावर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू धडाधड वाढतो. अनुकूल स्थितीत त्याची संख्या २० मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. तो लॅक्टिक आम्ल ओततो, सामू साडेपाचच्या खाली घसरतो, आणि काडी तोडणारे जिवाणू तसल्या आंबटात काम सोडून मरू लागतात. प्रोटोझोआही मरतात. मग आम्लाला सोसणारे लॅक्टोबॅसिलस ठाण मांडतात आणि आणखी आम्ल करतात. सकाळपर्यंत बैल रवंथ विसरतो, पोट गच्च होते, तो उठत नाही. पुढे खुरांपर्यंत दुखणे उतरू शकते. डॉक्टर सोड्यासारखे आम्ल मारणारे औषध देतात. कधी कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातला द्रव काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे जळालेल्या वस्तीत पुन्हा माणसे आणून बसवतात. जोन्स यांनी समुद्रापलीकडून जे केले तेच इथे एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात होते. पोळ्याच्या दिवशी बैलाला एक पोळी नैवेद्यापुरती आणि बाकी हिरवी वैरण, असे कुणी सांगितले तर घरच्यांना ते कंजूषपणाचे वाटते. पण बैलाच्या आतल्या मंडळींना त्या दिवशीही कडबाच हवा असतो.

सुबाभूळ महाराष्ट्रात कशी आली, ही गोष्टही या कथेला जोडलेली आहे. गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला येऊन राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये तिथे बाएफ ही संस्था उभी केली. संकरित गाईंचा कार्यक्रम वाढवायचा तर त्यांना बारमाही हिरवा चारा हवा होता. त्यासाठी १९७० च्या दशकात हवाईतल्या जेम्स ब्रूबेकर यांनी निवडलेल्या उंच वाढणाऱ्या वाणांचे बी आणले गेले आणि गावोगाव पसरले. जळण, चारा, पडीक जमिनीला आच्छादन, मुळाशी नत्र. दुष्काळी भागाला एवढे गुण एका झाडात मिळणे मोठी गोष्ट होती. आज आंतरराष्ट्रीय यादीत तेच झाड जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींमध्ये आहे, आणि आपल्याकडच्या टेकड्यांवर त्याने देशी झाडांची जागा घेतल्याचे कोणत्याही वनस्पतितज्ज्ञाला विचारा. त्या काळच्या माणसांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे उभी असलेली उपाशी गुरेही खरी होती.

बी हवाईहून आले, पण हवाईतल्या शेळीचे पोट काही बियांच्या पाकिटातून येत नाही. आपल्या शेतकऱ्याला मिळालेला सल्ला सावधगिरीचा होता, आणि अजून तोच आहे. एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त सुबाभूळ देऊ नये. शेळ्यांना दिलीच तर कडबा, गवत, दुसरा झाडपाला यांच्यात मिसळून द्यावी. घोड्याला आणि डुकराला तर फारच जपून. विष किती पोचते याला आळा घालणारा हा मार्ग, जिवाणू असो वा नसो, चालतोच.

पुढे ही सरळ गोष्ट वाकडी झाली, आणि माझ्या मते इथून ती जास्त रंगते. क्वीन्सलँडमध्ये हवाईचा जिवाणू वाटण्याचे काम सरकारी पातळीवर सुरू झाले. मोठ्या भांड्यात कोठीपोटातल्यासारखी परिस्थिती ठेवून त्यात सुबाभूळ घालून ही मिश्र वस्ती वाढवायची आणि गोठवून शेतकऱ्यांना द्यायची. प्रश्न सुटला असे मानले गेले. पण नंतरच्या पाहण्यांमध्ये अनेक कळपांच्या मूत्रात डीएचपी सापडू लागला, आणि त्यांत जिवाणू पाजलेले कळपही होते. दरम्यान जनुकीय तपासण्या स्वस्त झाल्या. तेव्हा दिसले की सिनर्जिस्टिस जोन्साय किंवा त्याचे जवळचे प्रकार आधी वाटले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक देशांतल्या जनावरांत आहेत, फक्त फार थोड्या संख्येने. काही ठिकाणी तो असूनही डीएचपी पूर्ण मोडला जात नव्हता.

दुसरीकडे इंडोनेशियात सुंबावा बेटावर आणि तिमोरमध्ये शेतकरी बैलांना जवळपास नुसती सुबाभूळ चारून पुष्ट करत होते. त्यांच्या मूत्रात डीएचपी चांगला भरपूर उतरत होता, तरी बैल धष्टपुष्ट. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शेल्टन, हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बैलांचा अभ्यास केला तेव्हा लक्षात आले की त्यातला बहुतेक डीएचपी मोकळा नाही. यकृताने त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन थायरॉइडला अपाय न करणाऱ्या रूपात आणले आहे, आणि तसाच तो मूत्रपिंडावाटे बाहेर टाकला आहे. सवय झालेल्या जनावरात यकृत हे काम जोमाने करते. विष निवारण्याचे श्रेय एकट्या जिवाणूला देणारी गोष्ट त्यामुळे पुरेशी ठरेना. यजमान आणि त्याच्या पोटातली वस्ती दोघेही एकाच ओझ्याला हात लावतात. कुठल्या मुलखात, कुठल्या कळपात कोणाचा हात जास्त लागतो, ते बदलते. जोन्स यांचे मूळ प्रयोग खोटे ठरले नाहीत. हवाईतल्या शेळ्यांत जिवाणूच काम करत होते, हे अजूनही खरे आहे. चूक झाली ती हवाईचा नियम जगभर लावण्यात.

जनावराला नवे विष पचवायला पोटातली वस्ती मदत करते, याची आणखी नेटकी साक्ष अमेरिकेच्या वाळवंटातून मिळाली. तिथला रानउंदीर नेओटोमा लेपिडा. मोहावीच्या वाळवंटातले हे उंदीर क्रिओसोट नावाच्या झुडपाची चिकट, विषारी राळ असलेली पाने खाऊन जगतात. उत्तरेकडचे त्याच जातीचे उंदीर खात नाहीत, कारण तिकडे ते झुडूपच नाही. यूटा विद्यापीठातल्या केव्हिन कोल आणि डेनिस डिअरिंग यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की मोहावीच्या उंदरांना प्रतिजैविक दिले तर ते क्रिओसोट पचवू शकत नाहीत, आणि त्यांची लेंडी उत्तरेकडच्या उंदरांच्या खाद्यात मिसळली तर त्यांना ती पाने बरीच अधिक खाता येतात. तिथे शेळी नाही, शेतकरी नाही, परदेशी बियाणे नाही. रानातल्या प्राण्याला नव्या झुडपाच्या मुलखात पाय रोवताना अशीच वस्ती कामी आली असणार.

आता सुबाभळीच्या बाजूने पाहू, कारण मिमोसिन तिने गुरांसाठी बनवलेले नाही. मिमोसिन तिच्या मुळांतूनही बाहेर झिरपते. मातीतल्या लोहाला ते पकडून धरते आणि मुळाभोवतीच्या बऱ्याच सूक्ष्मजीवांना जगणे अवघड करते. पण सुबाभळीला सगळेच सूक्ष्मजीव दूर ठेवून चालत नाही. हवेतले नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू मुळांवरच्या गाठींत यायलाच हवेत. हवाई विद्यापीठात दुलाल बोरठाकूर यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये नोंदवले की सुबाभळीच्या गाठींतले रायझोबियमचे काही प्रकार मिमोसिन मोडू शकतात, त्यातून नत्र आणि कार्बन मिळवून वाढतात. टीएएल ११४५ हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला. ही क्षमता जनुके बिघडवून काढून घेतली की तोच जिवाणू गाठी पटकावण्याच्या शर्यतीत मागे पडतो. शेळीला अपायकारक ठरणारा पदार्थ मातीत निवडक पाहुण्यांना दिलेला शिधा होतो.

क्वीन्सलँडमध्ये सुबाभळीच्या कुरणाची लागवड करताना आजही दोन जिवाणू लागतात. पेरण्याआधी बियाला योग्य रायझोबियम चोळतात. नाहीतर नव्या मातीत गाठी धरत नाहीत आणि रोप पिवळे राहते. कुरण तयार होऊन गुरे आत सोडल्यावर, जनावरांना सुबाभूळ खाऊन काही दिवस झाले की, गोठवलेल्या बाटलीतला कोठीपोटाचा द्रव वितळवून कळपातल्या थोड्यांना तोंडावाटे पाजतात. आधी सुबाभूळ आणि मग जिवाणू हा क्रम उलटला तर पाजलेल्या जिवाणूला पोटात खायला डीएचपी नसतो, आणि तो टिकत नाही. मूत्राचा नमुना घेऊन फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून त्याचा रंग बदलतो का, हे पाहायची पद्धतही आता आहे. पण रंग बदलला म्हणून जनावर आजारी पडणार, असे आता कुणी एका श्वासात सांगत नाही. आधी त्या डीएचपीला यकृताने जोड दिली आहे का, ते तपासावे लागते.